पेललेलं पाणी

"अंगठा टेकव, लेकरा. जोर लावू नगंस. नुसता टेकव आन् सोड."

तुम्ही अंगठा टेकवता. रात्रभर ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवलेला मातीचा गोळा थंडगार आहे. खळगा पडतो, पण त्याच्या काठावर केसाएवढ्या चिरा उमटतात. समोर उकिडवी बसलेली आजी त्या चिरांकडे पाहते, बोटं पाण्यात बुडवते, चार थेंब शिंपडते आणि गोळा पुन्हा मळायला घेते. "तहान ऱ्हायली हाय हिची," ती म्हणते.

भाद्रपद सरत आला आहे. गाव राणीसावरगाव, तालुका गंगाखेड, जिल्हा परभणी. पितृपक्षाचे शेवटचे दिवस. अमावास्या झाली की रेणुकादेवीच्या मंदिरात आणि घरोघरच्या देवांपुढं घट बसतील, म्हणून कुंभाराच्या या अंगणात ओल्या घटांच्या रांगा सावलीला लागल्या आहेत. वरच्या आढ्याला एक कुंभारीण माशी घर बांधते आहे. चिखलाचा मोहरीएवढा गोळा आणते, काठावर बसवते, चेपते आणि पुढच्या खेपेला निघते.

तुम्ही घट घ्यायला आलेला नाहीत. तुमच्या पिशवीत एक छोटा वजनकाटा, घट्ट झाकणाच्या तीन डब्या आणि वही आहे. शहरात एक यंत्र तुमची वाट पाहत आहे. संगणक सांगेल तशी नळीतून मातीची वळी सोडायची, थरावर थर चढवायचे आणि भांडं उभं करायचं, हे त्याचं काम. त्या यंत्राला अंगठा नाही. माती किती सैल, किती घट्ट, हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं, आणि तेही आकड्यात.

"आजी, पाणी किती घालता?" तुम्ही विचारता.

"माती मागंल तेवढं."

हे उत्तर वहीत कसं लिहायचं, ते तुम्हाला कळत नाही. मग गोळा मुठीत धरा आणि डोळे मिटा. या उत्तराला फार जुनी वाट आहे. ती आधी चालून येऊ.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी

पायाखालचं अंगण गेलं. जमिनीच्या लांबच लांब भेगांतून तप्त रस उसळतो, पसरतो, निवतो, काळा पडतो. त्याच्यावर दुसरा थर येतो, मग तिसरा. दख्खनचं पठार असं थराथरानं रचलं जात आहे. अवतीभवती झाड नाही, पाखरू नाही, फक्त धग आणि गंधकाचा वास.

आता काळाला भरभर धावू द्या. लाखो पावसाळे, लाखो उन्हाळे. तो काळा पाषाण, बेसॉल्ट, हळूहळू कुजतो, मुरूम होतो, मुरमाची माती होते. मराठवाड्यातलं काळं रान तयार होतं. तुम्ही त्या मातीचा एक कण निवडा आणि त्याच्याहूनही लहान व्हा. आत शिरलात की दिसतं, हा कण म्हणजे पानांची चळत आहे. एकेक पान मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढं जाड. खनिजाचं नाव मॉन्टमोरिलोनाइट. पाऊस पडतो आणि पाणी या पानांच्या मधे शिरतं, पानं एकमेकींपासून दूर सरकतात, कण फुगतो. अशा कोट्यवधी कणांचं रान फुगतं. वैशाखात तेच पाणी निघून जातं, पानं जवळ येतात आणि रानाला पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात.

आजी म्हणते ती तहान ही. ही माती पाणी नुसतं अंगावर घेत नाही, पोटात घेते. म्हणून ती चिकट, म्हणून ती हवी तशी वळते आणि म्हणूनच वाळताना सगळ्यात जास्त आकसते. नुसत्या काळ्या मातीचं मडकं केलं तर ते आव्यात जायच्या आधीच तडकेल. मग कुंभार तिच्यात राख मिसळतो, वाळू मिसळतो, लीद मिसळतो. वाळू फुगतही नाही, आकसतही नाही, त्यामुळं मातीचा हट्ट कमी होतो. लिदीतले काडीचे तंतू ओल्या मातीला धरून ठेवतात आणि आव्यात जळून गेले की जागोजागी बारीक छिद्रं सोडून जातात. या छिद्रांची आठवण ठेवा. शेवटी ती लागणार आहेत.

तगर, इसवी सनाचं दुसरं शतक

तेरणेच्या काठावर तुम्ही डोळे उघडता. हे आजचं तेर. या काळात त्याला तगर म्हणतात. ग्रीक भाषेतल्या 'पेरिप्लस' या दर्यावर्दी वाटाड्या ग्रंथात पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेली मोठी पेठ म्हणून त्याची नोंद आहे. इथलं कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदरावर जातं.

तुम्ही मात्र पेठ ओलांडून एका कारागिराच्या ओसरीवर या. त्याच्यासमोरची माती काळी नाही, पांढरी आहे. ही केओलिन. तिच्या कणांतही पानांची चळत असते, पण पानं एकमेकींना घट्ट धरून असतात, पाण्याला मधे शिरू देत नाहीत. त्यामुळं ही माती थोडक्या पाण्यात भागवते, कमी आकसते आणि बारीक नक्षी जपते.

त्याच्याकडं भाजलेल्या मातीचा दोन भागांचा साचा आहे, एक पुढचा, एक पाठीमागचा. मातीची पोळी तो पुढच्या भागात ठेवतो आणि बोटांनी आतून दाबत जातो. माती फार घट्ट असती तर साच्यातल्या बाईच्या केसांची वेणी, कानातलं, गळ्यातला हार यांत ती उतरली नसती. फार सैल असती तर साच्याला चिकटून बसली असती. तो थोडा वेळ थांबतो. कोरडा साचा मातीतलं थोडं पाणी शोषून घेतो, माती किंचित आकसते आणि साचा तिला सोडतो. दोन्ही अर्धुकं हातात आली की त्यांच्या कडांना तो पातळ चिखलाचा हात फिरवतो आणि ती जोडून टाकतो. आतून पोकळ, बाहेरून पूर्ण अशी एक छोटी स्त्री तयार होते.

जोडायच्या आधी क्षणभर आत डोकावून पाहा. बाहेरच्या बाजूला साच्याचा ठसा आहे, आतल्या बाजूला त्याच्या बोटांचे ठसे. मातीतली ही छपाईच आहे, फक्त शाईच्या जागी ओल आहे. आणि हा माणूस एकाच कामात मातीच्या तीन अवस्था वापरतो आहे: दाबायला मऊ, सोडवायला जरा घट्ट, सांधायला पातळ. तिन्हींत माती तीच आहे, फरक फक्त पाण्याचा. अशा मूर्ती आज तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात काचेआड उभ्या आहेत.

तेर, तेरावं शतक

गाव तेच, नदी तीच. अंगण मात्र वारकरी परंपरेनं जपलेलं. गोरोबाकाकांच्या अंगणात माती पायांनी तुडवली जाते आहे. तळव्यांना खडा लागला की पाय थांबतो, खडा निघतो, तुडवणं पुन्हा सुरू होतं. पायांना माती कळते. पण मन विठ्ठलात बुडालं आणि रांगत आलेलं लेकरू त्याच पायांना कळलं नाही, ही कथा तुम्ही लहानपणापासून ऐकत आला आहात. इथं उभं राहिल्यावर नजर त्या चिखलाकडं जात नाही.

ओसरीवर संतमंडळी जमली आहेत. तुम्ही ज्या गंगाखेडाकडून निघालात, त्याच गंगाखेडच्या जनाबाईंचा हा काळ. मुक्ताबाई कोपऱ्यातल्या एका लाकडी वस्तूकडं बोट दाखवतात आणि हे काय, म्हणून विचारतात. ते थापटणं. मडकं कच्चं की पक्कं, हे त्यानं कळतं. मग आमच्यातलं मडकं कोणतं कच्चं, तेही सांगा, असा हट्ट होतो आणि गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत येतात. सगळे शांत बसून राहतात. नामदेव तेवढे रागावतात. गोरोबा निकाल देतात, हे मडकं कच्चं. त्या बोलानं अस्वस्थ झालेले नामदेव पुढं औंढा नागनाथला विसोबा खेचरांपाशी जातात आणि तिथं त्यांना गुरू भेटतो.

कुंभाराच्या घरात हा निकाल रोजचा आहे. पक्क्या मडक्यावर टिचकी मारली तर खणकन आवाज येतो, कच्च्यावर भद्द. आवाज हे त्याचं माप. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. गोरोबांच्या कानाला जे कळलं ते दुसऱ्याला पडताळून पाहता येत नाही. त्यांच्या हातावर विश्वास ठेवावा लागतो, आणि या अंगणात तो पुरेसा आहे, कारण तो हात समोर आहे. हात समोर नसेल तेव्हा काय? शंभर कोसांवरच्या माणसाला, न जन्मलेल्या माणसाला, अंगठा नसलेल्या यंत्राला हे ज्ञान कोणत्या गाडीत घालून पाठवायचं?

काल्मार, १९११

थंडी एकदम अंगावर येते. स्वीडन, बाल्टिक समुद्राचा काठ, काल्मार नावाचं गाव. राणीसावरगाव या वर्षी निजामाच्या हैदराबाद संस्थानात आहे. इथं मात्र पासष्टीचा एक रसायनतज्ज्ञ चिनी मातीच्या वाडग्यात चिखल कालवतो आहे. आल्बर्ट अॅटरबर्ग. काल्मारच्या रसायन आणि बियाणं तपासणी केंद्राचा हा प्रमुख. आयुष्याची कितीतरी वर्षं त्यानं ओटच्या बियांची वर्गवारी करण्यात घालवली आणि मग तो बियांखालच्या मातीकडं वळला.

त्याला पडलेला प्रश्न तुमच्या आजोबांनी दर पावसाळ्यात सोडवला आहे. पाऊस उघडला की बांधावर जायचं, मूठभर माती उचलायची, दाबायची, सोडायची. हाताला लडबडली तर अजून थांबायचं, ढेकळासारखी राहिली तर उशीर झाला, मुठीत आकार धरून बोटाच्या धक्क्यानं मोकळी झाली तर वाफसा आला, औत जुंपा. ओल्या आणि सुक्याच्या मधे मातीची जी कामाची जागा असते, तिला मराठीनं 'वाफसा' हे नाव कधीच देऊन ठेवलं आहे. अॅटरबर्ग अशाच जागांच्या सीमा शोधतो आहे.

त्याच्या शेजारी उभे राहा. वाडग्यात चिखलाची वडी, तिच्या मधोमध पाडलेली एक चर. तो वाडगा हातावर आपटतो. चर तशीच राहिली तर माती अजून घट्ट आहे. दोन्ही काठ वाहत येऊन तळाशी जेमतेम मिळाले, तर माती द्रव होण्याच्या उंबरठ्यावर आहे. ही वरची सीमा, द्रवसीमा. मग तो त्याच मातीचा तुकडा घेऊन तळहाताखाली वळी वळतो, मोडतो, पुन्हा वळतो. दर वळणीला थोडं पाणी उडतं. शेवटी अशी वेळ येते की वळी वळताच तिचे तुकडे पडतात. ही खालची सीमा, आकार्यतेची. या दोन सीमांमधे मातीनं जेवढं पाणी पेललं, तेवढीच तिची घडण्याची जागा. ही जागा मोठी असेल तर माती चुका माफ करते. लहान असेल तर चार थेंबांनी काम बिघडतं.

पण एक उणीव राहते. वाडगा आपटणारा हात त्याचा आहे. दुसऱ्याचा हात जरा जोरात आपटेल आणि आकडा बदलेल.

म्हणून आणखी एकवीस वर्षं पुढं या. १९३२, अमेरिका. आर्थर कासाग्रांडे यांनी वाडग्याच्या जागी पितळी वाटी आणली आणि हाताच्या जागी दांडा. दांडा फिरवला की वाटी बरोबर १० मिलिमीटर उचलली जाते आणि कडक रबराच्या बैठकीवर पडते, सेकंदाला दोनदा. २५ ठोक्यांत चरीचे काठ सुमारे १३ मिलिमीटर लांबीवर जुळले की त्या मातीतलं पाणी म्हणजे द्रवसीमा. आता परभणीतला ठोका आणि बोस्टनचा ठोका एकसारखा झाला. मराठवाड्यातल्या काळ्या मातीसारख्या मातीची द्रवसीमा अशा वाटीवर तपासली तर ती बहुधा ५० टक्क्यांच्या वर जाते. म्हणजे शंभर ग्रॅम सुकी माती पन्नास ग्रॅमहून जास्त पाणी पोटात घेते आणि तरीही वाहत नाही.

भांडी घडवणाऱ्यांसाठी त्याच्याही आधी, १९२४ साली, जर्मनीत फेफरकॉर्न यांनी वेगळी रीत काढली. मातीचा ४० मिलिमीटर उंचीचा छोटा दंडगोल ठेवायचा आणि १८६ मिलिमीटरवरून सुमारे १.२ किलोची चकती त्यावर सोडायची. गोळा किती बसला ते मोजायचं. उंची ३.३ पटीनं घटली, म्हणजे ४० वरून सुमारे १२ मिलिमीटरवर आली, तर त्या वेळचं पाणी हे त्या मातीचं माप. आजीच्या अंगठ्याचंच हे काम, फक्त वजन ठरलेलं आणि उंची ठरलेली.

वळीची परीक्षा मात्र बहुतांशी हातावरच राहिली. भारतीय मानकात आजही ३ मिलिमीटरची वळी हातानं वळायची आणि ती तुटण्याची वाट पाहायची, असंच लिहिलेलं आहे.

मास्सा लोम्बार्दा, २०२१

इटलीतल्या एका मोकळ्या जागेत दोन लांब यांत्रिक हात गोल फिरत आहेत आणि त्यांच्या टोकातून जवळच्याच मातीची वळी ओघळते आहे. १२ मिलिमीटरचा एक थर, असे ३५० थर. मातीचं घर उभं राहतं, त्याचं नाव तेक्ला. हे यंत्र बनवणाऱ्या कंपनीचं नाव वास्प. वास्प म्हणजे गांधीलमाशी, आणि ही प्रेरणा चिखलाचं घर बांधणाऱ्या कुंभारीण माशीची. राणीसावरगावच्या आढ्यावर जी खेपा घालते आहे, तिचीच ही जातभाई.

जवळ जाऊन नळीचं तोंड पाहा. इथं मातीकडं दोन उलट मागण्या आहेत. नळीतून येताना तिनं वाहायला हवं आणि बाहेर पडताच थांबायला हवं. दाब पडला की सैल, दाब सुटला की घट्ट. खालच्या थरानं वरच्या सगळ्यांचं ओझं तोलायचं आणि तरीही वरच्या थराला चिकटण्याइतकं ओलं राहायचं. पाणी कमी पडलं तर वळीच्या कडा फाटून दात पडतात. जास्त झालं तर भिंत बसते. आत हवेचा बुडबुडा राहिला तर वळी मधेच तुटते.

ही मागणी तुम्हाला कुठंतरी भेटलेली आहे. आठवा, आणि परत या.

राणीसावरगाव, पुन्हा

डोळे उघडता तेव्हा आजीनं गोळा पुन्हा मळून ठेवला आहे. तुम्ही तिला यंत्राबद्दल सांगता: नळी, दाब, थर. ती ऐकते, उठते आणि घरातून एक जुना पितळी सोऱ्या घेऊन येते. त्याची दांडी वाकली आहे, म्हणून तो आता चकलीला वापरत नाहीत.

"चकलीवाणीच की. पीठ घट झालं तर तुटती, सैल झालं तर काटा धरत न्हाई."

तुम्ही पहिला गोळा सोऱ्यात भरता आणि दाबता. वळी बाहेर येते, तिच्या कडा फाटलेल्या. तिचा एक तुकडा पहिल्या डबीत टाका, झाकण लावा. आजी पाणी शिंपडते, मळते. दुसरी वळी सुरेख सरकन येते, पण तिसऱ्या वेढ्यालाच खालचा वेढा पसरतो. दुसरी डबी. आता ती सुकी माती आणि चिमूटभर राख मिसळते, मळते, अंगठा टेकवते. चिरा नाहीत, चिकटणं नाही, खळग्यात अंगठ्याच्या रेषा स्पष्ट. "बसली," ती म्हणते. वळी येते, वेढे चढतात, काटे उभे राहतात. तिसरी डबी.

तिन्ही डब्यांचं वजन इथंच घ्या, ओल उडायच्या आत. पुढं त्या १०५ ते ११० अंशांवर एक दिवस भट्टीत सुकवायच्या आणि पुन्हा तोलायच्या. समजा ओली माती ४० ग्रॅम भरली आणि सुकून ३० ग्रॅम झाली, तर १० ग्रॅम पाणी गेलं. मृदाशास्त्रज्ञ ते सुक्या मातीनं भागतात आणि ३३ टक्के म्हणतात. अनेक कारखाने ओल्या मातीनं भागतात आणि २५ टक्के म्हणतात. माती एकच, आकडे दोन. म्हणून वहीत आकड्याशेजारी लिहून ठेवा, कशानं भागलं. न लिहिलेल्या या एका शब्दापायी दूरच्या माणसाची अख्खी भट्टी वाया जाऊ शकते.

आणि आणखी एक ओळ लिहा. ही माती कोणत्या शिवारातली, तिच्यात राख किती, वाळू किती, लीद किती, आणि आजी कोणत्या क्षणी "बसली" म्हणाली. आकडा हे हाताचं पत्र आहे. पत्र पोचायला हवं, पण ते लिहिलं कुणाच्या हातानं, हे त्यावर असायला हवं. हे अंगण एखाद्या पिढीनंतर रिकामं झालं, तर तुमच्या वहीतल्या तीन डब्यांवरून कुणालातरी हा अंगठा पुन्हा शोधता यावा. नुसती टक्केवारी त्याला पुरणार नाही.

नवरात्र बसतं. याच अंगणातला एक घट तुम्ही घरी नेला आहे. पत्रावळीवर काळी माती, तिच्यात धान्य, मधे पाण्यानं भरलेला घट. त्याला वरून पाणी घालता, पण भोवतीच्या मातीला वेगळं पाणी द्यावं लागत नाही. लीद जिथं जळून गेली त्या बारीक छिद्रांतून घटाचं अंग हळूहळू ओलसर होतं, ओल मातीत उतरते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पिवळसर कोंब वर येतात. घट फार घट्ट झाला असता तर धान्य सुकंच राहिलं असतं, फार विरळ झाला असता तर ते कुजलं असतं.

दसऱ्याला कोंब वीतभर उंच असतात. घरातली मोठी माणसं ते टोपीत खोवतात. तुम्ही घटाच्या गार, ओलसर अंगावर तळवा ठेवता. ओल सगळीकडं सारखी आहे, खाली जास्त नाही की वर कमी नाही. आजीनं भाद्रपदात पेललेलं माप अजून चुकलेलं नाही. वही उघडून तुम्ही तिसऱ्या डबीच्या आकड्यापुढं लिहिता: घट पाझरला, कोंब आले.